नेत्यांचा राजकीय कल भाषणांतून कसा मोजायचा: अमेरिकी काँग्रेसवर सराव, मग आपली विधानसभा

एखाद्या सभागृहाची भाषणं गोळा करा, प्रत्येक भाषणाला वक्त्याच्या पक्षाचं नाव चिकटवा आणि एक साधं मॉडेल शिकवा. संध्याकाळपर्यंत ते न पाहिलेल्या भाषणावरून पक्ष ओळखू लागतं. मी हे पहिल्यांदा मराठी भाषणांवर केलं तेव्हा अचूकता पाहून इतका आनंद झाला की त्याच रात्री प्रत्येक आमदारासमोर एकेक आकडा टाकून यादी तयार केली. दुसऱ्या दिवशी मॉडेलनं कोणत्या शब्दांना सर्वांत जास्त वजन दिलंय ते काढून बघितलं. एका टोकाला ‘खुलासा’, ‘दिरंगाई’, ‘चौकशी’, ‘कधी’. दुसऱ्या टोकाला ‘तरतूद’, ‘मंजूर’, ‘अभिनंदन’, ‘गतिमान’. त्यात डावं-उजवं काहीच नव्हतं. विरोधी बाकावरचा माणूस विचारतो आणि सत्ताधारी बाकावरचा सांगतो, एवढंच मॉडेल शिकलं होतं. ती यादी मी कुणाला दाखवली नाही.

हा घोळ नवा नाही. ग्रेम हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली कॅनडाच्या संसदेतल्या भाषणांवर तो नीट दाखवून दिला. तिथल्या ३६व्या संसदेत लिबरल पक्ष सत्तेत होता आणि ३९व्या संसदेत काँझर्व्हेटिव्ह. एका संसदेवर तयार केलेलं मॉडेल दुसरीवर चालवलं की त्याची अचूकता कोसळते, कारण ते विचारसरणी शिकलेलंच नसतं. हल्ल्याची आणि बचावाची भाषा कशी असते, तेवढंच ते शिकलेलं असतं. खाली सांगितलेल्या प्रत्येक पायरीवर हीच एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा. मॉडेल चालवणं हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. ते नेमकं काय मोजतंय हे ओळखण्यातच खरा वेळ जातो, आणि जायलाच हवा.

पहिली पायरी: काय मोजायचं ते एका वाक्यात लिहा

कॉम्प्युटर उघडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: ‘मला अमुक सभागृहातल्या सदस्यांची तमुक प्रश्नावरची भूमिका मोजायची आहे, आणि एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ते.’ ‘राजकीय कल’ एवढंच लिहिलं तर ते वाक्य अपुरं आहे. अर्थव्यवस्थेत सरकारनं किती हात घालावा, हा एक अक्ष झाला. केंद्राकडे किती अधिकार असावेत, हा दुसरा. एकच माणूस पहिल्यावर या टोकाला आणि दुसऱ्यावर त्या टोकाला असू शकतो. आपल्याकडे तर हे सर्रास दिसतं.

याच वाक्यावरून लेबल, म्हणजे शिकवताना मॉडेलला द्यायचं उत्तर, ठरतं. पक्षाचं नाव हे लेबल सर्वांत सहज मिळतं, म्हणून सगळे तेच वापरतात. पण पक्षाच्या नावावर शिकलेलं मॉडेल ‘हा माणूस किती अमुक पक्षासारखा बोलतो’ एवढंच सांगतं. तुम्हाला तेच हवं असेल तर हरकत नाही, फक्त त्याला दुसरं नाव देऊ नका.

दुसरी पायरी: जिथं उत्तर तपासता येतं तिथं आधी सराव

मराठी भाषणांवर थेट उडी घेऊ नका, असं मी आवर्जून सांगेन. सरावासाठी अमेरिकी काँग्रेससारखं, म्हणजे तिथल्या संसदेसारखं, मैदान नाही, कारण तिथं मजकुराशी अजिबात संबंध नसलेली एक स्वतंत्र मोजपट्टी तयार आहे. किथ पूल आणि हॉवर्ड रोझेनथाल या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात नॉमिनेट नावाची पद्धत उभी केली. कोणत्या सदस्यानं कोणत्या ठरावावर हो म्हटलं आणि कोणत्यावर नाही, एवढ्या नोंदींवरून ती प्रत्येकाला साधारण उणे १ ते अधिक १ यांच्यामधला गुण देते. उणे म्हणजे डावीकडे, अधिक म्हणजे उजवीकडे. १७८९पासूनच्या सदस्यांचे हे गुण व्होटव्ह्यू या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात.

भाषणंही तयार मिळतात. मॅथ्यू जेन्ट्झकोव, जेसी शॅपिरो आणि मॅट टॅडी यांनी १८७३ ते २०१६ या काळातलं काँग्रेसचं कामकाज वक्त्यानुसार वेगळं करून खुलं ठेवलं आहे. सुरुवातीला एकच काँग्रेस, म्हणजे दोन वर्षांचा एक कार्यकाळ, घ्या. ११४वी, म्हणजे जानेवारी २०१५ ते जानेवारी २०१७, ही सोयीची आहे. त्यात एका फाइलमध्ये भाषणं असतात आणि दुसरीत कोणतं भाषण कोणाचं, पक्ष कोणता, राज्य कोणतं ही माहिती. भाषण-क्रमांकावर या दोन्ही जोडायच्या आणि मग आडनाव, राज्य, सभागृह, गरज पडली तर मतदारसंघ जुळवून व्होटव्ह्यूचे गुण लावायचे. एकाच राज्यात एकाच आडनावाचे दोन सदस्य निघतात, ती जोडणी हातानं तपासा. बर्नी सँडर्स आणि अँगस किंग हे तेव्हा अपक्ष सिनेटर होते. त्यांना शिकवण्याच्या ढिगात घालू नका, बाजूला ठेवा. मॉडेल त्यांना कुठं बसवतं ते शेवटी बघणं फार उद्बोधक असतं.

हत्यारं साधीच आहेत: पायथन, टेबलांसाठी पांडाज, मॉडेलसाठी सायकिट-लर्न. एका काँग्रेसपुरतं काम साध्या लॅपटॉपवर होतं.

तिसरी पायरी: मजकुरातली फितुरी काढा

मजकूर साफ करायचा म्हणजे विरामचिन्हं उडवायची आणि अक्षरं लहान करायची, एवढंच बहुतेकांना वाटतं. ते तर कराच, पण खरी साफसफाई वेगळीच आहे. उत्तर मागच्या दारानं सांगणारे शब्द शोधून काढायचे असतात.

पहिली फितुरी कामकाजाच्या भाषेची. सिनेटमध्ये ‘युनॅनिमस कन्सेंट’ (सर्वांची संमती) मागत दिवसाचं कामकाज पुढं रेटायचं काम मुख्यतः बहुमतवाल्या पक्षाचे नेते करतात. मॉडेलला हा शब्दप्रयोग दिसला की ते ‘बहुमतवाला’ म्हणून मोकळं होतं, आणि ११४व्या काँग्रेसमध्ये बहुमत रिपब्लिकनांचं असल्यामुळे त्याचा अर्थ ‘उजवीकडे’ असा लागतो. असे ठरीव शब्दप्रयोग हातानं यादी करून काढा आणि ५० शब्दांपेक्षा छोटी भाषणं सरसकट वगळा. पीठासीन अधिकाऱ्याची वाक्यंही काढा.

दुसरी फितुरी नावांची. ‘व्हर्मांट’ आलं की डेमोक्रॅट, ‘वायोमिंग’ आलं की रिपब्लिकन, हे शिकायला बुद्धी लागत नाही. राज्यं, शहरं, सदस्यांची नावं, पक्षांची नावं, सगळी काढा.

तिसरी फितुरी एकेका वक्त्याच्या लकबीची. ऱ्होड आयलंडचे सिनेटर शेल्डन व्हाइटहाउस अनेक वर्षं हवामानबदलावर दर आठवड्याला एक भाषण करत आणि शेजारी ‘टाइम टू वेक अप’ असा फलक उभा करत. केवळ किती वेळा आला एवढंच मोजलं तर हा शब्दप्रयोग अख्ख्या डेमोक्रॅटिक पक्षाची खूण ठरेल, प्रत्यक्षात तो एका माणसाचा आहे. त्यावर सोपा उपाय: निदान १० वेगवेगळ्या वक्त्यांनी वापरलेलेच शब्दप्रयोग ठेवा. लक्षात घ्या, १० भाषणांत आलेले असं नाही म्हटलेलं, १० वक्त्यांनी वापरलेले. सायकिट-लर्नमधली किमान-दस्तऐवजांची मर्यादा भाषणं मोजते, म्हणून आधी प्रत्येक वक्त्याची सगळी भाषणं जोडून एकच दस्तऐवज करायचा आणि मग मर्यादा लावायची.

एकेकटे शब्द आणि शब्दांच्या जोड्या, दोन्ही घ्या. जोड्या फार बोलक्या असतात. वारसाहक्कानं मिळणाऱ्या मालमत्तेवरच्या कराला अमेरिकेत कायद्याच्या भाषेत ‘इस्टेट टॅक्स’ म्हणतात, आणि तो रद्द करू पाहणारे रिपब्लिकन त्यालाच ‘डेथ टॅक्स’ म्हणतात. कर एकच, पण नाव घेतलं की बाजू कळते. जेन्ट्झकोव आणि शॅपिरो यांनी २०१०च्या आपल्या निबंधात २००५च्या काँग्रेस-कामकाजातले असेच शब्दप्रयोग निवडले आणि वर्तमानपत्रांचा कल त्यांवरून मोजला.

चौथी पायरी: वक्त्यानुसार वाटणी

शिकवण्यासाठी ८० टक्के आणि तपासण्यासाठी २० टक्के, ही वाटणी सगळ्यांना ठाऊक असते. चूक होते ती भाषणं वाटण्यात. एकाच सदस्याची ४० भाषणं शिकवण्याकडे आणि १० तपासण्याकडे गेली, तर मॉडेल त्या माणसाची बोलण्याची ढब ओळखतं आणि तुम्हाला वाटतं की त्यानं विचार ओळखला. म्हणून वाटणी माणसांची करायची. सायकिट-लर्नमध्ये यासाठी ग्रुप-के-फोल्ड नावाची सोय आहे, गट म्हणून वक्त्याचा क्रमांक द्यायचा. अचूकता यानं लगेच खाली येते. जी खाली आली तीच खरी.

पाचवी पायरी: एकदा हातानं करून बघा

मॉडेलच्या आत काय चालतं ते समजायला २००३ साली मायकेल लेव्हर, केनेथ बेनोइट आणि जॉन गॅरी यांनी मांडलेली वर्डस्कोअर्स ही पद्धत कागदावर सोडवा. दोन संदर्भ-मजकूर घ्यायचे, ज्यांची जागा तुम्हाला माहीत आहे. डाव्याला उणे १ गुण, उजव्याला अधिक १.

समजा, डाव्या मजकुरात दर हजार शब्दांमागे ‘इस्टेट टॅक्स’ ८ वेळा येतं आणि उजव्यात २ वेळा. म्हणजे हा शब्दप्रयोग समोर आला तर आपण डावा मजकूर वाचतोय याची शक्यता १०त ८, उजवा असण्याची १०त २. या शब्दप्रयोगाचा गुण: ०.८ गुणिले उणे १, अधिक ०.२ गुणिले १, म्हणजे उणे ०.६. ‘डेथ टॅक्स’ डाव्यात १ वेळा आणि उजव्यात ९ वेळा येत असेल तर त्याचा गुण अधिक ०.८. आता नव्या भाषणात पहिला शब्दप्रयोग ३ वेळा आणि दुसरा एकदा आला. बेरीज उणे १.८ अधिक ०.८, म्हणजे उणे १. चारनं भागलं की उणे ०.२५. झाला त्या भाषणाचा गुण.

आता त्याच भाषणात ‘आणि’, ‘पण’, ‘आहे’ यांसारखे, दोन्हीकडे सारखेच येणारे ९६ शब्दही धरा. प्रत्येकाचा गुण शून्य. बेरीज तीच उणे १ राहते, पण भागायचं आता १००नं, म्हणून गुण उणे ०.०१. सगळे वक्ते शून्याजवळ गोळा होतात ते यामुळे. म्हणूनच या पद्धतीत मिळालेले गुण पुन्हा ताणून पट्टीवर बसवावे लागतात. लोक हे विसरतात आणि ‘आपले सगळेच नेते मध्यममार्गी निघाले’ असा निष्कर्ष काढून बसतात.

सहावी पायरी: मॉडेल

दोन रस्ते आहेत. एक, पक्षाचं लेबल देऊन लॉजिस्टिक रिग्रेशन (दोनपैकी एका गटात असण्याची शक्यता सांगणारं गणित) शिकवायचं आणि ‘उजव्या पक्षाचा असण्याची शक्यता’ हा गुण धरायचा. दोन, नॉमिनेटचा गुणच लक्ष्य म्हणून द्यायचा आणि रिज रिग्रेशन (शब्दांची वजनं आवरती ठेवून थेट आकड्याचा अंदाज करणारं गणित) लावायचं. मी दुसरा रस्ता पसंत करतो, कारण पहिल्यात मॉडेल दोन ढीग वेगळे करण्यातच समाधान मानतं आणि ढिगाच्या आतला फरक त्याला दिसत नाही.

शब्दांना टीएफ-आयडीएफ वजन द्या, म्हणजे एकाकडे वारंवार पण बाकीच्यांकडे क्वचित येणारा शब्द जड धरा. वक्ते ५००च्या आसपास आणि शब्दप्रयोग हजारोंनी, अशी स्थिती असते. तेव्हा मॉडेलला लगाम घालणारा रेग्युलरायझेशनचा आकडा फार महत्त्वाचा ठरतो. तो शिकवण्याच्या ढिगातच, वक्त्यांचे गट पाडून ठरवा. तपासणीच्या ढिगाला त्यासाठी हात लावू नका.

लेबलशिवाय चालणारी वर्डफिश ही पद्धत जोनाथन स्लॅपिन आणि स्वेन-ओलिव्हर प्रोक्श यांनी २००८मध्ये जर्मन पक्षांच्या जाहीरनाम्यांवर मांडली. ती मजकुरांमधला सर्वांत मोठा फरक शोधते आणि त्या फरकावर सगळ्यांना रांगेत बसवते. जाहीरनाम्यांवर ती छान चालते, कारण सगळे पक्ष त्याच त्या विषयांवर लिहितात. भाषणांवर मात्र जपून वापरा. संरक्षणावर बोलणारे आणि शेतीवर बोलणारे यांच्यातलाच फरक सर्वांत मोठा निघतो, आणि तुम्ही तो विचारसरणी समजून बसता. बेंजामिन लॉडरडेल आणि अलेक्झांडर हर्झोग यांनी २०१६मध्ये यावर तोड काढली: प्रत्येक चर्चा वेगळी घ्यायची, त्या एका चर्चेपुरते वक्त्यांचे गुण काढायचे आणि मग सगळ्या चर्चांचे गुण एकत्र आणायचे. एका विषयावर उभे राहिलेले लोक एकमेकांशी ताडून बघायचे, ही कल्पना इतकी नेमकी आहे की मी ती आता कोणत्याही मॉडेलसोबत वापरतो.

सातवी पायरी: मॉडेलची उलटतपासणी

इथं घाई करू नका. माझा निम्म्याहून जास्त वेळ या पायरीवर जातो.

सर्वांत आधी शब्द वाचा. सर्वांत जड ५० शब्दप्रयोग दोन्ही टोकांचे छापून घ्या आणि प्रत्येकापुढं लिहा: हा विचार आहे, विषय आहे, बाक आहे की नाव आहे? ‘विचार’ या खुणेचे निम्मेही निघाले नाहीत तर तिसऱ्या पायरीवर परत जा.

मग खोट्या लेबलांची चाचणी. वक्त्यांचे पक्ष चिठ्ठ्या टाकल्यासारखे अदलाबदल करा आणि सगळं पुन्हा चालवा. आता मॉडेलला काहीही सापडायला नको. तरीही त्याला दोन ‘पक्षांच्या’ भाषेत मोठा फरक दिसत असेल, तर तुमची पद्धत योगायोगालाच कल समजतेय. शब्दप्रयोग लाखोंनी आणि वक्ते शेकड्यांनी असले की काही शब्द निव्वळ योगायोगानं एकाच बाजूला सापडतात. जेन्ट्झकोव, शॅपिरो आणि टॅडी यांनी २०१९च्या निबंधात हाच दोष दाखवला आणि तो दुरुस्त करून काँग्रेसची भाषा मोजली. दुरुस्तीनंतर चित्र असं दिसलं: शतकभर दोन पक्षांच्या भाषेतलं अंतर कमी आणि जवळपास स्थिर होतं, आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते झपाट्यानं वाढलं.

त्यानंतर नॉमिनेटशी तुलना. इथं एक फसवा आकडा समोर येतो. सगळ्या सदस्यांचा एकत्र सहसंबंध काढला तर तो मोठाच येणार, कारण दोन पक्ष दोन टोकांना आहेत. फक्त डेमोक्रॅट घ्या आणि त्यांच्यातल्या त्यांच्यात सहसंबंध काढा, मग फक्त रिपब्लिकन. पक्षाच्या आत तुमचं मॉडेल मवाळ आणि जहाल वेगळे करतं का? त्याचं उत्तर तुमच्या अहवालात पहिल्या पानावर यायला हवं.

नॉमिनेटही देववाणी नाही. पक्षाच्या टोकावर बसलेला सदस्य कधीकधी विधेयक फार मवाळ आहे म्हणून त्याच्या विरोधात मत देतो. मतांच्या हिशेबात तो विरोधी पक्षाच्या बाजूला सरकतो, भाषणात मात्र विरोधाचं कारण स्पष्ट असतं. दोन मोजपट्ट्या जिथं सर्वांत जास्त भांडतात ते १० सदस्य काढा आणि त्यांची भाषणं स्वतः वाचा.

शेवटी माणसं. ६० उतारे नावं झाकून दोघांना वाचायला द्या आणि गुण द्यायला सांगा. त्या दोघांचंच एकमेकांशी पटत नसेल तर पहिल्या पायरीचं वाक्य धूसर आहे. क्रिपेनडॉर्फचा अल्फा हे सहमती मोजायचं नेहमीचं माप आहे.

चॅटजीपीटीसारख्या मोठ्या भाषा-मॉडेलांना विचारायचं का?

विचारता येतं. ‘या नेत्याला १ ते १० गुण दे’ असं मात्र विचारू नका. दोन उतारे समोर ठेवून ‘यापैकी कोणता वक्ता सरकारी हस्तक्षेपाच्या जास्त बाजूचा आहे?’ असं विचारायचं, आणि अशा शेकडो जोड्यांच्या निकालांवरून ब्रॅडली-टेरी पद्धतीनं प्रत्येकाचा गुण काढायचा. ही पद्धत १९५२ची आहे. कुस्तीगीर किंवा बुद्धिबळपटू यांची क्रमवारी लावायला जे गणित चालतं, तेच इथं. ११६व्या काँग्रेसच्या सिनेटरांवर जोड्यांची ही युक्ती वापरून बघितली गेली आहे, फक्त तिथं उताऱ्यांऐवजी सिनेटरांची नावंच दिली होती.

काळजी तीन गोष्टींची घ्या. नावं, राज्यं, पक्ष झाका, नाहीतर मॉडेल उतारा न वाचता त्या माणसाबद्दल आधी वाचलेलं सांगतं. प्रत्येक जोडी उलटसुलट क्रमानं दोनदा विचारा, कारण पहिल्या उताऱ्याकडे झुकायची सवय या मॉडेलांना असते. आणि कोणत्या आवृत्तीला, कोणत्या तारखेला, नेमक्या कोणत्या शब्दांत विचारलं ते लिहून ठेवा.

आकडा जाहीर करताना

एका माणसाचा एक आकडा कधीही छापू नका, पट्टा छापा. त्याची भाषणं पुन्हा पुन्हा चिठ्ठी टाकून निवडायची, २०० वेळा गुण काढायचा आणि मधल्या ९५ टक्क्यांचा पट्टा दाखवायचा. दोघांचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतील तर त्यांची क्रमवारी लावायची नाही. ज्याचे एकूण ५ हजार शब्दही हाती नाहीत त्याला यादीत घेऊ नका. आणि हे सगळं लोकप्रतिनिधींच्या सभागृहातल्या बोलण्यापुरतंच ठेवा. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पोस्टवर हेच मॉडेल चालवणं हा त्यांच्या खासगीपणावर हात टाकणं आहे. मी ते काम येतं तेव्हा नाकारतो.

आता आपल्याकडे

भारतात नॉमिनेटसारखी मोजपट्टी का नाही, हे आधी समजून घ्या. १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली. पक्षादेश मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे मतदानात माणूस दिसत नाही, पक्षच दिसतो. माणूस दिसतो तो भाषणात, प्रश्नात आणि खासगी विधेयकात. म्हणजे मजकुराची गरज आपल्याला अमेरिकेपेक्षा जास्त आहे, आणि ताडून बघायला मतं नाहीत. ती उणीव माणसांनी लावलेल्या जोड्यांनी भरून काढायची. वर भाषा-मॉडेलासाठी सांगितलेला प्रश्न चार-पाच जाणकार मराठी वाचकांना विचारा. ५०० जोड्या झाल्या की चांगली सुरुवात होते.

मजकूर मिळवताना पहिला धक्का फॉन्टचा बसतो. जुन्या पीडीएफमधून उचललेलं मराठी युनिकोडमध्ये नसतं, अक्षरांचा कचरा हाती येतो. परिवर्तक वापरा, नाहीतर पानांची चित्रं करून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं कॉम्प्युटरकडून ओळखून घ्या. पानाच्या डोक्यावर पुन्हा पुन्हा येणारा मजकूर काढा. लोकसभेत मराठीत केलेल्या भाषणाचा कामकाजात अनुवाद छापलेला असतो. ते शब्द अनुवादकाचे आहेत, नेत्याचे नाहीत. तसे उतारे वेगळे ठेवा.

युनिकोड मिळालं तरी एक खड्डा उरतोच. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दोन रीतींनी टाइप होतो. एकात नुक्तावाला ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, त्यानंतर झीरो-विड्थ-जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण हे एकत्र करत नाही, बदल स्वतः लिहावा लागतो. एका टायपिस्टची सवय एका पद्धतीची आणि दुसऱ्याची दुसऱ्या, असं असेल तर मॉडेल आमदाराऐवजी टायपिस्ट ओळखायला शिकेल. महाराष्ट्राच्या विधिमंडळात हा शब्द सतत कानावर येतो, म्हणून हे आधी करा.

मग विभक्तिप्रत्यय. शेतकरी, शेतकऱ्याला, शेतकऱ्यांनी, शेतकऱ्यांसाठी, शेतकऱ्यांच्यामुळे, सगळे वेगळे मोजले तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येतं. मूळ रूप काढणारं साधन हाती नसेल तर शब्दांऐवजी ३ ते ५ अक्षरांचे तुकडे मोजा. मराठीत हे आश्चर्यकारक चांगलं चालतं. त्यापुढं जायचं असेल तर पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटानं मराठीवर शिकवलेली, शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या शब्दांसकट टिपणारी महाबर्ट ही मॉडेलं आहेत. बर्ट घराण्यातली मॉडेलं एका वेळी ५१२ तुकडेच वाचतात आणि एकेका मराठी शब्दाचे बऱ्याचदा एकाहून जास्त तुकडे होतात, म्हणून भाषणाचे १२०-१५० शब्दांचे खंड पाडा, प्रत्येकाचा सदिश (अर्थ टिपणारी आकड्यांची ओळ) काढा, सरासरी घ्या आणि त्यावर तेच रिज रिग्रेशन लावा.

शब्द मोजणं कुठं कमी पडतं ते बघायला, नमुन्यादाखल घडवलेली ही दोन वाक्यं घ्या. ‘बाजार समितीच्या बाहेर माल विकायची मोकळीक शेतकऱ्याला मिळालीच पाहिजे.’ ‘बाजार समिती मोडीत निघाली तर शेतकरी व्यापाऱ्याच्या तोंडी जाईल.’ दोन्हींत बाजार समिती, दोन्हींत शेतकरी, दोन्हींत कळकळ, आणि आर्थिक अक्षावर दोघं दोन टोकांना. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची खुल्या बाजाराची मागणी आणि डाव्या शेतकरी चळवळींची सरकारी संरक्षणाची मागणी ही महाराष्ट्रात कित्येक दशकं याच शब्दांत भांडत आली आहे. अशा जागी एकेकटा शब्द निरुपयोगी ठरतो. ‘मोकळीक’ आणि ‘तोंडी जाईल’ कशाला चिकटून आलेत ते बघावं लागतं, आणि तिथं महाबर्टसारखं मॉडेल खरंच कामाला येतं.

विषय निवडताना मतदारसंघाचा दाब ओळखा. डिसेंबर २०२३मध्ये केंद्रानं कांदानिर्यात बंद केली. नाशिक जिल्ह्यातला आमदार, पक्ष कोणताही असो, अशा निर्णयावर कांदाउत्पादकाच्याच बाजूनं बोलणार. त्या भाषणावरून तो खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता आहे असा निष्कर्ष काढला तर चुकेल. तो साखरेवर, दुधावर, विजेच्या दरावर काय बोलला ते सोबत घ्या. जिथं मतदारसंघाचा फायदा-तोटा नाही तिथलं त्याचं बोलणं जास्त वजनाचं धरा.

आणि बाकाची चाचणी, जी मी पहिल्या वेळी केली नव्हती. तिच्यासाठी महाराष्ट्राइतकं साहित्य क्वचितच कुठं मिळेल. नोव्हेंबर २०१९मध्ये सरकार बदललं, जून २०२२मध्ये पुन्हा बदललं, जुलै २०२३मध्ये आणखी एका पक्षाचा मोठा गट विरोधी बाकांवरून सत्तेत गेला. बरीचशी माणसं तीच, मतदारसंघ तेच, बाक मात्र वेगळे. प्रत्येक आमदाराचा गुण अधिवेशनागणिक काढा आणि या तीन तारखांवर उभ्या रेघा मारा. रेघ ओलांडताच सगळ्यांचे गुण एकदम उडी मारत असतील तर मॉडेल बाकच मोजतंय. ‘खुलासा’ आणि ‘अभिनंदन’ यांच्या गोतावळ्यातले शब्द काढा, सत्ता-विरोध हा स्वतंत्र रकाना मॉडेलला द्या आणि पुन्हा चालवा. बहुतेक रेषा सपाट झाल्या आणि मोजक्याच हलल्या, की त्या मोजक्या आमदारांची आधीची आणि नंतरची भाषणं काढून शांतपणे वाचायला बसा.